टेलव्हील थरथरतं म्हणून स्प्रिंगा आवळू नका

व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरतो आहे: किनाऱ्यावर लहान विमान ठेवणाऱ्यांसाठी टेलव्हीलचे पाच नियम. शेपटीखालचं ते लहान चाक थरथरलं की स्टिअरिंगच्या स्प्रिंगा आवळा, टायरमध्ये हवा ठासून भरा, खाऱ्या हवेत ग्रीसऐवजी खोबरेल वापरा, उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुवा, आणि एवढ्याशा चाकाला परवानाधारक इंजिनिअर कशाला, गावातला दुचाकीचा मेकॅनिकही ते करील. माझा भाचा विमान देखभालीचं शिक्षण घेतो. गणपतीला मालवणात आला तेव्हा मोबाइल पुढे करून म्हणाला, "आत्ये, ह्या खरा मां?" त्याच्या वर्गाच्या ग्रुपवर हे आलं होतं आणि एकानेही हरकत घेतली नव्हती. उद्या हीच मुलं विमानांना हात लावणार आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

स्प्रिंगा आवळण्याचा सल्ला सगळ्यांत घातक आहे. या स्प्रिंगा चाकाला रडरशी, म्हणजे शेपटीवरच्या डावी-उजवीकडे वळणाऱ्या उभ्या पात्याशी, जोडतात. उतरल्यावर टेलव्हील डावी-उजवीकडे जोरात थरथरतं, त्याला शिमी म्हणतात. स्प्रिंगा आवळल्या की ती कधीकधी कमी झाल्यासारखी वाटते, आणि माणूस तिथेच फसतो. मूळ कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. चाकाचं डोकं ज्या उभ्या पिनभोवती फिरतं ती किंगपिन. शेपटीवर वजन असताना ही पिन उभी हवी, किंवा तिचा माथा किंचित मागे कललेला हवा. माथा पुढे कलला की शिमी आलीच. तो कलतो कशाने? चाक ज्याला लावलेलं असतं तो शेपटीचा कमानपाटा वर्षानुवर्षं आदळून ट्रकच्या पाट्यासारखा बसतो, कमान सपाट होते, मागचं टोक वर उचललं जातं आणि पिनचा माथा पुढे जातो. विमान सपाट जमिनीवर नेहमीच्या वजनासह उभं करा आणि बाजूने ओळंबा धरा. गवंड्याचा ओळंबा पुरतो. पिन पुढे कललेली दिसली तर पाट्याला पुन्हा कमान द्यायची किंवा पाटा बदलायचा. पिन सरळ असूनही चाक थरथरत असेल तर झिजलेले बुश (पिनभोवतीच्या धातूच्या नळ्या), आसाचा सैल नट, बेअरिंगमधला खेळ तपासा. हे सगळं सोडून स्प्रिंग आवळली, तर आजार तसाच राहतो आणि मार रडरच्या हॉर्नला, म्हणजे स्प्रिंगा जोडलेल्या त्याच्या दांड्याला, बसत राहतो.

आवळलेल्या स्प्रिंगांचा धोका आपल्या किनाऱ्यावर तर जास्तच. दुपारी समुद्रावरून येणारा वारा धावपट्टीला आडवा मिळाला, की पायलटला रडर एका बाजूला दाबून उतरावं लागतं. स्प्रिंगा ताठ असतील तर चाकही तितकंच वळलेलं असतं, आणि जमिनीला लागताच शेपटी हिसका खाते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं 'एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक' इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यातलं टेलव्हील विमानांचं प्रकरण या मुलांनी वाचावंच. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे शेपटी एकदा बाजूला सरकू लागली की आणखीच सरकते. त्याचा शेवट ग्राउंड लूपमध्ये होतो: विमान जमिनीवरच गरकन फिरतं, पंख टेकतो, चाकाचा पाय मोडतो. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांनी वापरलेलं, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं पुष्पक हे लहान विमानही याच रचनेचं. रडर सरळ असताना स्प्रिंगा जेमतेम ताणात किंवा किंचित सैल असाव्यात. लोंबत्या नकोत, नाहीतर पाय दाबल्यावर चाक उशिरा वळतं. नेमकं माप चाकाच्या कंपनीच्या पुस्तिकेत असतं, तेच धरायचं.

आता खोबरेल. हे वाचून मला खरोखर संताप आला. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. थंडीतल्या पहाटे बाटलीत गोठलेलं तेल कोकणात कुणी पाहिलं नाही? त्यात विमान वर जाताना दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंशांनी उतरतं. खाली ३० अंश असले तर ५ हजार फुटांवर २०. बऱ्याच टेलव्हीलच्या डोक्यात स्प्रिंगवरची एक खिट्टी असते. ठरावीक कोनापर्यंत ती चाक रडरशी जोडून ठेवते, त्यापुढे सोडते. ती गोठलेल्या तेलात आणि वाळूत अडकली, तर उतरताना चाक रडरचं ऐकणार नाही. कंपनीने सांगितलेलं ग्रीसच घाला, आणि जुनं, वाळू मिसळलेलं ग्रीस आधी पूर्ण काढा.

टायरचं थोडक्यात: हवा पुस्तिकेत दिली असेल तेवढीच. कित्येक लहान टेलव्हील तर भरीव रबराची असतात, त्यांत हवा भरायला जागाच नसते.

गोड्या पाण्याने धुण्याचं मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करते. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात तिथे खारं पाणी लवकर गंज धरवतं. पण धुवायचं म्हणजे गाड्या धुण्याचा जोरदार फवारा मारायचा नाही. तो पाणी थेट बेअरिंगमध्ये घुसवतो. साध्या धारेने धुवा, पुसा, वाळवा, मग ताजं ग्रीस द्या.

राहिला दुचाकीचा मेकॅनिक. त्याच्या हातात कितीही कसब असो, विमानावरच्या कामाची लॉगबुकात नोंद होते आणि त्याखाली परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. ही सही म्हणजे नट कोणता घातला, किती टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळला, नट सुटू न देणारी कॉटर पिन नवी आहे की जुनीच वळवून घातली, याची जबाबदारी. पाट्याला चाक धरणारा बोल्ट बाजारातला घातला, तर तो कसल्या पोलादाचा आणि किती भार सोसेल हे कुणीच सांगू शकत नाही. शिमीचा मार थेट त्याच बोल्टवर बसतो.