इसार देऊन गप्प बसलेला माणूस

गेल्या वर्षी मे महिन्यात दादाचा फोन आला, "अगो, यंदा नळे परतून घ्यायचे की नाही?" गोव्यात पेडणे तालुक्यातलं आमचं घर चिऱ्यांचं, वर नळे, म्हणजे कौलं. पावसाआधी फुटके बदलायचे, सरकलेले नीट बसवायचे, हे काम दरवर्षी न विचारता होतं. गडीही ठरलेला. गेल्या वर्षी विचारावं लागलं, कारण घर विकलेलं होतं. म्हणजे अर्धवट विकलेलं. ७० लाखांचा सौदा, आगाऊ ५ लाखांचा इसार हातात, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालेलं, आणि घेणारा फेब्रुवारीपासून गप्प. मग दुसऱ्याच्या होऊ घातलेल्या घरावर आपण खर्च कशाला करायचा? राहू दे, म्हटलं मी. इकडे इंग्लंडात स्विंडनमध्ये बसून असं म्हणणं फार सोपं असतं.

इथे आम्ही गोंयकार बरेच आहोत, बहुतेक पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले. दोन जण भेटले की विषय एकच, गोवा विकला जातोय. जानेवारी २०२३ मध्ये पेडण्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली आणि पेडण्यातल्या आडवाटांवरही दलालांच्या गाड्या दिसायला लागल्या. २०२४ मध्ये नगरनियोजन कायद्यात ३९अ कलम घातलं गेलं, जमिनीचा झोन बदलायला आणखी एक दार उघडलं. या वादात आरोपी दोनच, घेणारा दिल्लीवाला आणि परदेशात बसून विकणारी आमच्यासारखी मुलं. आरोप मला अगदीच खोटा वाटत नाही. म्हणून तर दिल्लीच्या एका गिऱ्हाइकाचे ९० लाख आम्ही नाकारले आणि घर शेजारच्या गावातल्या दुकानदाराला द्यायचं ठरवलं. बाबांच्या ओळखीतला माणूस. पाहायला आला तेव्हा आधी तुळशीला नमस्कार केला, मग आईच्या हातचा चहा घेतला. आणखी काय बघायचं?

तारीख बघायची राहिली. अ‍ॅग्रीमेंटमध्ये वाक्य होतं, "सहा महिन्यांच्या आत किंवा उभय पक्षांना मान्य होईल अशा वाढीव मुदतीत." 'किंवा'च्या पुढे जे आहे त्यात आमचं घर अडकलं. दिल्लीवाल्याच्या वकिलाने जो कच्चा मसुदा पाठवला होता तो मी नंतर काढून वाचला. त्यात पक्की तारीख होती, आणि चुकलो तर काय भरायचं तेही होतं. त्यालाही आणि आम्हालाही.

फेब्रुवारीनंतर माझ्या प्रत्येक मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटायच्या. वाचला. उत्तर नाही. एकदाच आलं, "फाल्यां सांगतां." उद्या सांगतो. ते फाल्यां काही उजाडलं नाही. दादाला म्हटलं, घरी जाऊन विचार. तो म्हणाला, "जास्त तगादा लावू नको, बिथरेल. आणि पुनवेला देवळात तोंड दाखवायचंय मला, तुला नाही." हे खरं होतं, म्हणून मी गप्प बसले.

इंग्लंडात सगळं घड्याळाच्या काट्यावर चालतं असा माझा दावा नाही. २०२१ मध्ये आम्ही इथलं आमचं पहिलं छोटं घर विकायला काढलं तेव्हाही असंच झालं. दारात 'विकलं' अशी पाटी लागली, घेणारी बाई सहा आठवडे अदृश्य झाली आणि शेवटी एजंटकरवी नकार कळवला. एक पेनीही भरावी लागली नाही तिला. इथे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच कोणाला बांधील नसतं. पण ती झाली की चित्र पालटतं. साधारण १० टक्के रक्कम अडकते, ताबा द्यायचा दिवस कागदावर येतो आणि तो चुकला की दुसऱ्या बाजूचा सॉलिसिटर नोटीस काढतो. कामाचे १० दिवस देतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर विकणारा करार मोडून ती रक्कम ठेवून घेऊ शकतो. आणि अशी नोटीस मिळाली म्हणून कोणी कोणाचं तोंड बघणं सोडत नाही. पाणीपट्टीच्या बिलासारखं ते पत्र येतं.

आपल्याकडे नोटीस म्हणजे भांडण. कायदाही थोडा त्याच स्वभावाचा आहे. स्थावर मालमत्तेच्या सौद्यात वेळ हा कराराचा गाभा आहे, म्हणजे तारीख चुकली की करार मोडता येतो, असं गृहीत धरायचं नाही, ही सर्वोच्च न्यायालयाची जुनी भूमिका; नव्वदच्या दशकात घटनापीठानेही तीच मांडली. पुढे २०११ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की हे तत्त्व भाव स्थिर असण्याच्या काळातलं आहे, त्याचा फेरविचार व्हायला हवा. मोपाच्या आसपास राहणाऱ्याला हे न्यायालयाने सांगायची गरज नाही. भाव चढत असताना ५ लाख गुंतवून गप्प बसलेला माणूस, त्याच्या मनात असो वा नसो, आमचं घर जुन्या भावात धरून बसलेला असतो. करार पुरा करून मागायला कोर्टात जायचं तर त्याला तीन वर्षं मिळतात, ती ठरलेल्या तारखेपासून. तारीख पक्की नसेल तर आमचा नकार त्याला कळल्यापासून. वकील म्हणाला, "बाई, तुम्ही पत्रच पाठवलं नाही तर त्याचं घड्याळ सुरू कसं होणार?"

तोवर इकडे पाच सह्या लटकलेल्या. गोव्याच्या पोर्तुगीजकालीन कौटुंबिक कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा आणि नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. त्याचा मला अभिमान आहे. पण त्यामुळे आई, दादा, वहिनी, मी आणि माझा नवरा, सगळ्यांनी सही करायची. आम्ही दोघांनी मुखत्यारपत्रासाठी इथे रजा टाकून नोटरी गाठला, त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी दाखला, लावून घेतलं, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायला दादाला पळवलं. विकत घेणारा मात्र ओसरीवर बसून विचार करतोय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माजघरात पाणी आलं. आईने भिंतीला लागून परात ठेवल्याचा फोटो वहिनीने पाठवला. त्याच रात्री मी वकिलाला नोटीस काढायला सांगितली. ३० दिवसांची मुदत, स्पीड पोस्टाने, शब्द अगदी सौम्य. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

नवव्या दिवशी तो माणूस स्वतः घरी आला. बँकेने मागितलं त्यापेक्षा कमी कर्ज मंजूर केलं होतं. शिवाय त्याच्या सीएने घाबरवलं होतं. भारतात राहणाऱ्याकडून घेताना १ टक्का कापून भरला की काम झालं, पण परदेशात राहणाऱ्याच्या वाट्यावर कितीतरी जास्त कर कापायचा आणि चुकला तर जबाबदारी घेणाऱ्याची. आईसमोर नाही म्हणायची लाज वाटली, म्हणाला. चार महिने तो आमचे मेसेज वाचत होता आणि लाजत होता. लबाड नव्हता तो. पण परात त्यामुळे रिकामी झाली नाही.

गोवा विकला जातोय या आमच्या वादांत हे कुठेच येत नाही याचंच मला नवल वाटतं. घेणारा कुठला, यावर आपण तासन्‌तास बोलतो. पैसे कधी देणार हे आपल्याच माणसाला विचारायला मात्र जीभ रेटत नाही, ते परकेपणाचं वाटतं. मग एक पावसाळा जातो, दुसरा जातो, छप्पर बसतं, आणि वैतागलेली भावंडं शेवटी त्याच दिल्लीवाल्याला फोन करतात. स्विंडनमध्ये अशी दोन कुटुंबं मला माहीत आहेत. दोघंही आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गोवा वाचवायचे मेसेज पुढे पाठवतात.

सौदा मोडल्याचं रद्दपत्र रजिस्टर करायला ऑगस्ट उजाडला. त्याशिवाय पुढच्या गिऱ्हाइकाच्या वकिलाला मालकीच्या नोंदी शोधताना जुना करार दिसला असता. इसारातून छपराचा आणि वकिलाचा खर्च तरी कापावा असं माझं म्हणणं होतं, आणि अजून आहे. दादाने पूर्ण ५ लाख परत केले. पुनवेला दोघं देवळात भेटले म्हणे, त्याने दादाला सोडा पाजला.

घर अजून विकायचंच आहे. गोंयकारच घेणारा असावा ही इच्छाही तशीच आहे, पण मसुदा आता मी वाचते, आणि 'किंवा' दिसला की परत पाठवते. यंदा नळे एप्रिलमध्येच परतून घेतले.