अभिनंदन! तुमची ओळ हिरवी झाली आहे

परवा दुपारी गावातल्या कृषी सेवा केंद्रात मी मोरचुदाचं बिल करत होते आणि फोन थरथरला. आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने इन्स्टाग्रामवर मला टॅग केलं होतं. ‘आमचे तारे, आमचा अभिमान!’ निळ्या पोस्टरवर माझा फोटो, शेजारी कंपनीचं चिन्ह, खाली ठळक अक्षरांत पॅकेज. हे पोस्टर मला पाठ आहे. पावणेदोन वर्षांपूर्वी ऑफर आली त्या रात्री हेच टाकलं होतं. यंदा कोपऱ्यात फक्त ‘प्रवेश सुरू’ एवढं नवीन आहे. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, “ताई, गंधकाची पिशवी पण धरा त्यात.” धरली.

तर अंतिम वर्षाच्या माझ्या भावंडांनो, सोशल मीडियावर करिअर कसं घडवावं हे सांगायला माझ्याइतकं लायक माणूस सध्या सांगली जिल्ह्यात नाही. मी तारा आहे. ऐका.

सुरुवात प्लेसमेंट सेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात आणि त्यातल्या प्रत्येकाने विनयशील असलं पाहिजे. टीपीओ, म्हणजे प्लेसमेंट बघणाऱ्या सरांनी सकाळी पावणेआठला कंपनीच्या भरती ड्राइव्हची लिंक टाकली, की आठच्या आत तिच्यावर ‘थँक यू सर’, ‘नोटेड सर’ आणि जोडलेल्या हातांचा ढीग पडलाच पाहिजे. खाली लिंक गाडली गेली तर जाऊ दे. मिरजेहून एसटीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने तुम्ही मेसेज वर सरकवत राहाल आणि लिंक सापडेल तेव्हा फॉर्म बंद झालेला असेल. मग सर सांगतील, इंडस्ट्रीत वेळेला किंमत असते. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये २०१८ पासून आहे. पण ती लावली तर सरांना थँक यू कोण म्हणणार?

फॉर्म मिळालाच तर दहावीपासूनचे सगळे टक्के पुन्हा भरा. अकराव्यांदा भरताय म्हणून कंटाळू नका. ते कॉलेजच्या ऑफिसात आहेतच, पण ऑफिस आणि प्लेसमेंट सेल यांच्यामध्ये एक जिना आहे.

आता लिंक्डइन. ही साइट २००३ साली सुरू झाली आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती २६.२ अब्ज डॉलरना घेतली. एवढे पैसे उगाच कोणी मोजत नाही, तेव्हा तुम्हीही तिथे उगाच काही करू नका. मैत्रिणीने तुमच्या ‘लीडरशिप’वर शिक्का मारायचा, तुम्ही तिच्या. मी आमच्या हॉस्टेलच्या पूर्ण मजल्याची लीडरशिप प्रमाणित केली आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र मिळालं तरी ‘थ्रिल्ड टू अनाउन्स’ म्हणा. कार्यशाळेत नाश्ता बरा होता एवढंच आठवत असलं तरी चालेल. फोटोभोवती नोकरी शोधत असल्याचं ते हिरवं कडं लावा. मी लावलं होतं, तर चौथ्या दिवशी सरांचा फोन. “अगं, काढ ते. तू प्लेस्ड आहेस ना? बघणाऱ्यांना काय वाटेल?”

नोकरीच्या पोस्टखाली ‘इंटरेस्टेड’ लिहा आणि झोपा.

टेलिग्रामवर कोणी लॅपटॉपचं डिपॉझिट भरा म्हणालं तर भरा, म्हणजे निदान पावती तरी येईल.

सिनियरना मात्र चुकूनही मेसेज करू नका. आमच्या वर्गातल्या एका पोराने हा अपराध केला. शिरोलीच्या एका फाउंड्रीत आपला चार वर्षं पुढचा सिनियर आहे हे त्याने लिंक्डइनवर शोधून काढलं. त्याला चार ओळी लिहिल्या, की मेकॅनिकलचा आहे, प्रोजेक्ट कास्टिंगमधल्या दोषांवर केलाय, दहा मिनिटं बोलता येईल का. रविवारी फोन झाला, बुधवारी मुलाखत. आज तो शिफ्टला जातो. त्याचं पोस्टर निघालं नाही. पगार पोस्टरवर शोभेल असा नव्हता, आणि सेलला न विचारता नोकरी लागली म्हणून सर थोडे रुसलेही. कॉलेजकडे माजी विद्यार्थ्यांची यादी आहे बरं का. ती मेळाव्याच्या वर्गणीसाठी असते.

पोस्टरचा विषय निघालाच आहे तर नीट ऐका, कारण तुमचं करिअर म्हणजे शेवटी तेच आहे.

ऑफर आली की दोन तासांत सेलला फोटो द्यायचा. माझा होता पासपोर्टचा, स्टुडिओवाल्याने वरून ब्लेझर चिकटवलेला. आमच्या बॅचच्या निम्म्या पोरींच्या अंगात तोच ब्लेझर आहे. मागचा पडदा पुसताना माझा अर्धा कान गेला. रात्री पोस्ट पडली, आठवड्यात पुष्पराज चौकात फ्लेक्स. तिथून कोणीतरी तो आमच्या गावच्या ग्रुपवर टाकला. शाल, श्रीफळ, सरपंचांचं भाषण. वडिलांनी पेढे वाटले, तेही उधारीवर, कारण द्राक्षाच्या फळछाटणीचे दिवस होते आणि मजूर अन् औषधं यांत घरातला रुपया सुटत नव्हता.

पॅकेजचा आकडा वडिलांनी बारानं भागून बघितला. मीही तेव्हा काही बोलले नाही. त्या आकड्यात कंपनी आपल्या वाट्याचा भरणार तो पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, विमा आहे आणि जमलं तर मिळणारा बोनससुद्धा आहे. हातात येईल ते निराळंच. पण फ्लेक्सवर सीटीसी, म्हणजे कंपनीचा हा सगळा खर्च, मावतो, हातात येणारा पगार मावत नाही.

त्यानंतर द्राक्षं गेली, खरड छाटणी झाली, मी पास झाले. जुलैत हिंजवडीला हजर व्हायचं होतं. जूनमध्ये मेल आली की बिझनेसच्या गरजेनुसार जॉइनिंग पुढे ढकलत आहोत. जानेवारी म्हणाले. दुसरी फळछाटणी झाली. जानेवारीत ‘लवकरच कळवू’ आलं. दुसरी द्राक्षं गेली, दुसरी खरड छाटणी झाली. आता त्या मेलला कोणी उत्तरही देत नाही. चावडीपुढून गेलं की म्हाताऱ्या विचारतात, “कंपनी उघडली न्हाई व्हय गं अजून?” मी हसते. शाल परत द्यावी का, हा प्रश्न मी आईला एकदाच विचारला.

मधल्या काळात कॉलेजात एका दुसऱ्या कंपनीचा पूल कॅम्पस, म्हणजे अनेक कॉलेजांची एकत्र भरती होती, आमची बॅचही चालणार होती. मी तासगावहून पहिली एसटी धरून गेले. फाइल, चार फोटो, डबा, सगळं घेऊन. दारात सरांनी अडवलं. आमच्याकडे नियम आहे, एक विद्यार्थी एक ऑफर, म्हणजे बाकीच्यांनाही संधी मिळते. नियम वाईट नाही, मलाही पटतो. मी म्हटलं, सर, ऑफर आहे कुठे? मेल दाखवली. त्यांनी ती वाचलीसुद्धा, खोटं का बोला. मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि एक्सेल दाखवलं. लांबलचक यादी, काही ओळी पांढऱ्या, काही हिरव्या. “ही बघ. तुझी ओळ हिरवी आहे. ती आता पांढरी केली तर टक्केवारी बिघडते, आणि ऑफर लेटर नॅकच्या फाइलला लावलंय.”

कॉलेजांना दर्जा देणारी नॅक विद्यार्थी सहाय्य आणि प्रगतीही तपासते. एनआयआरएफच्या, म्हणजे सरकारी, रँकिंगमध्येही प्लेसमेंट मोजतात. म्हणजे माझी प्रगती फाइलमध्ये झालेली आहे, झेरॉक्ससकट. मी डबा बसस्टँडवर खाल्ला.

तुम्हाला वाटेल की एवढ्या रिल्स, एवढी पोस्टरं, एवढे हॅशटॅग आहेत, तर हे सगळं तुमच्या नोकरीसाठी चाललंय. मलाही वाटायचं. आता त्या खात्यावर तारखा लावून बघा. सातव्या सेमिस्टरला, पोरं जीव मुठीत धरून ॲप्टिट्यूड देत असतात तेव्हा, तिथे सामसूम असते. सीईटीचा निकाल लागला, प्रवेशाचा कॅप राउंड तोंडावर आला, की रोज तीन तारे उगवतात. कंपनीच्या एचआरने हे खातं कधी बघितलंय? ते बघतात बारावीच्या पोरांचे आईबाप. सेलच्या नावाने ॲडमिशनचं दुकान चाललंय, आणि काचेच्या कपाटात आम्हाला उभं केलंय.

परवा मी त्या पोस्टखाली एक ओळ लिहिली होती. ‘जॉइनिंग अजून झालेलं नाही.’ शिवी नाही, टोमणा नाही. तासाभरात गायब. वर सरांचा मेसेज आला, असं पब्लिकमध्ये लिहिलंस तर ज्युनियरचं मनोधैर्य खचतं.

बास झालं आता हे उपरोधिक वगैरे.

सर, ज्युनियरचं मनोधैर्य माझ्या खऱ्यानं खचत नाही. मिरजेच्या एसटीत लिंक शोधताना खचतं, अकराव्यांदा दहावीचे टक्के भरताना खचतं. तुमच्यावर तीन वर्गांचे तास लादलेत, वर हे काम फुकट गळ्यात मारलंय, हे मला ठाऊक आहे. पण पोस्टर करायला तुम्हाला वेळ मिळतो. मग कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत दर महिन्याला एक चक्कर मारायला का मिळत नाही? कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर कारखाने आहेत! तिथल्या किती मालकांचे नंबर तुमच्या फोनमध्ये आहेत? माजी विद्यार्थ्यांची ती यादी पोरांना द्या. ग्रुपवर फक्त ॲडमिनने लिहावं अशी सेटिंग करा, दोन मिनिटांचं काम आहे. पोस्टर काढायचंच असेल तर जॉइनिंग झाल्यावर, पहिला पगार झाल्यावर काढा, आणि ज्याचं काढताय त्याला आधी विचारा. ज्यांची ऑफर लटकली त्यांना पुन्हा बसू द्या. टक्केवारी बिघडेल, तर बिघडू दे. ती मुळात खरी नाहीच.

आणि आईबापहो, तुम्हीसुद्धा. भाव विचारल्याशिवाय द्राक्षाची पेटी देत नाही तुम्ही व्यापाऱ्याला. पोराची चार वर्षं मात्र फ्लेक्स बघून देता? जाऊन विचारा की ऑफर कितींना आल्या ते राहू दे, यातले कामावर किती गेले?

काल संध्याकाळी शेजारचे काका आले होते. त्यांच्या धाकटीला सीईटीत बरे मार्क पडलेत. फोन पुढे करून म्हणाले, “तुझ्याच कालेजात घालावं म्हंतोय. फोटू बघितला तुजा.” वडील दारातच उभे होते, ते आत निघून गेले. मी काकांना बसवलं आणि सगळं सांगितलं. मोरचुदाच्या बिलापासून.

पोस्ट अजून आहे, सकाळी बघितली. सर, फोटो काढा. ब्लेझर स्टुडिओवाल्याचा असेल, तोंड माझं आहे.