काळे डाग राहिले, मूठ मात्र बदलली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जर्मनीतल्या झोलिंगनच्या वस्तऱ्याच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. बाकीच्यांसाठी तुमचा आक्षेप आधी सांगतो. पात्यावरचे काळे डाग मी तसेच ठेवले आणि मूळ मूठ काढून शिंगाची नवी बसवली, हे तुम्हाला उफराटं वाटलं. जुनं जपायचं तर सगळंच जपा, नाणी जमवणारे कधी नाणं घासतात का. आणि नवं करायचं तर व्हिडिओत दाखवतात तसं आरशासारखं चकचकीत करा, हे धड इकडचं ना तिकडचं, असं तुमचं म्हणणं. शिवाय तुमच्या आजोबांचा वस्तरा सत्तावनच्या बंडाच्या वेळचा आहे याबद्दल मी शंका घेतली, त्याचाही राग आहेच.

नाण्याचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तांब्याचं नाणं कपाटात पडून काळवंडतं आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतं. पोलादावरचा लाल गंज थांबत नाही. तो ओलावा धरून ठेवतो आणि खाली खाली खात जातो. काळा डाग वेगळा. तो घट्ट बसलेला थर असतो, पुसल्यावर फडक्याला लागत नाही आणि खालच्या पोलादाला फारसा त्रासही देत नाही. तो घालवायचा तर आजूबाजूचं चांगलं पोलाद त्याच्या खोलीपर्यंत घासून काढावं लागतं. म्हणून लाल तेवढा काढला, काळा ठेवला. याला तुम्ही आळस म्हणालात, म्हणा.

चकचकीत करण्याचं तर नावच नको. वस्तरा दगडावर पाजताना पातं आडवं, सपाट टेकवतात. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. म्हणजे धारेचा कोन पाजणाऱ्याच्या हातात नसतो, तो पाठीच्या जाडीने आणि पात्याच्या रुंदीने आधीच ठरवून दिलेला असतो. पातं १९ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेपाच मिलिमीटर जाड असेल तर कोन साधारण साडेसोळा अंश येतो. डाग घालवायच्या नादात पाठ अर्धा मिलिमीटर घासली गेली की तो पंधरावर उतरतो. अशी धार लागते छान, पण टिकत नाही, बारीक बारीक कपच्या उडतात. पाठ दोन्ही टोकांना सारखी घासली गेली नाही तर पुढे पातं दगडावर नीट बसतही नाही.

आणि व्हिडिओतलं ते बफिंगचं चाक! पोकळ घासलेल्या (दोन्ही बाजूंनी खोलगट केलेल्या) पात्याची धारेजवळची जाडी कागदाएवढी. चाकावर ती क्षणात तापते, तापमान दोनशे अंशांच्या वर गेलं की पोलादाचं पाणी उतरू लागतं, निळी झाक दिसली तर खेळ खलासच. बाहेरून पातं आरशासारखं, आत मऊ. शिवाय बुडख्यावरचा (पात्याच्या मागच्या, धार नसलेल्या भागावरचा) कारखान्याचा शिक्का आणि पात्यावरची सोनेरी अक्षरं त्यात जातात ती जातातच. वस्तू कुठली, कोणाची, हे सांगणारी तीच तर खूण.

आता मूठ. ती मूळचीच होती, तुमचं बरोबर. पण ती होती सेल्युलॉइडची, हस्तिदंतासारखी दिसावी म्हणून समांतर रेघा काढलेली. (खऱ्या हस्तिदंताच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते. तसल्या मुठीचे वस्तरे मी घेतही नाही, विकतही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याची भानगड कोण ओढवून घेणार!) सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते जुनं होऊन कुजायला लागलं की त्यातून नायट्रोजनचे वायू सुटतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून नायट्रिक आम्ल तयार होतं. लेखातला दुसरा फोटो मोठा करून बघा: गंज आहे तो फक्त बंद वस्तऱ्याचं पातं मुठीच्या आत राहतं तेवढ्याच पट्ट्यात, बाहेर राहणारा बुडखा स्वच्छ. पितळी खिळ्याभोवती हिरवं फुललंय. ती मूठ पात्याला खात होती, आणि खणात शेजारी ठेवलेल्या वस्तऱ्यांनाही खाल्लं असतं. म्हणून खिळा कापून ती उतरवली. फेकलेली नाही, सगळ्यांपासून लांब, हवा खेळेल अशा खोक्यात ठेवली आहे. नवी मूठ म्हशीच्या शिंगाची आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे कारागीरही मुठींसाठी आपल्याकडून गेलेलं म्हशीचं शिंग वापरत, तेव्हा सोयरीक अगदीच विजोड नाही.

परदेशी पोलादाचं एवढं कौतुक कशाला, असाही एक टोमणा तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. पण त्या पोलादाच्या गोष्टीत आपलंही पोलाद आहे. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वुट्झ नावाच्या इथल्या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जेम्स स्टोडार्ट या हत्यारं बनवणाऱ्या कारागिराने त्यातून चाकू घडवून पाहिला. पुढे याच स्टोडार्टने मायकेल फॅरेडेबरोबर पोलादात निरनिराळे धातू मिसळण्याचे प्रयोग केले, त्यात पाचशे भागांना एक भाग चांदीही होती. शेफिल्डच्या जुन्या वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' असा शिक्का पुष्कळदा दिसतो. प्रत्येकात चांदी असते असं मात्र समजू नका, जाहिरातबाजी तेव्हाही होतीच.

राहिला आजोबांचा वस्तरा. त्यावर 'जर्मनी' असं कोरलंय, असं तुम्हीच लिहिलंत. झोलिंगनचा माल शेफिल्डचा म्हणून खपवला जातो, या ओरडीतून ब्रिटनमध्ये १८८७ चा व्यापारचिन्हांचा कायदा झाला आणि भारतात तसाच १८८९ मध्ये आला. अमेरिकेत १८९० च्या मॅकिन्ली कायद्यानंतर आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. एकाच कारखान्याचा माल सगळीकडे जायचा, त्यामुळे हा शिक्का सरसकट दिसतो तो त्यानंतर. उलट बाजूने हा नियम चालत नाही. देशाचं नाव नाही म्हणून वस्तरा त्याआधीचा ठरत नाही. पण तुमच्या वस्तऱ्यावर नाव आहे. सत्तावन साल सोडून द्या. आजोबांनी तो रोज वापरला, हे त्याहून भारी आहे.

बुडख्याच्या दोन्ही बाजूंचा जवळून काढलेला फोटो पाठवा, कारखाना कदाचित सांगता येईल. तोवर पातं कोरडं पुसून मशीनच्या पातळ तेलाचा हात द्या, खोबरेल नको, ते चिकट होतं. चामड्याच्या म्यानात ठेवू नका. मूठ अंगठ्याने जोरात घासून हुंगा. कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची आहे, मग वस्तरा बंद न करता उघडाच ठेवा. गरम सुई टोचून पारख करायचा सल्ला कुठे वाचला असेल तर अजिबात ऐकू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं.