"शास्त्र वाचलेलं दिसत नाही" म्हणणाऱ्या बंधूंना

सलाम बंधू,

तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, दोनदा उत्तर टाइप करून पुसलं. मागच्या लेखात मी एवढंच लिहिलं होतं की समलिंगी लग्नाचा विषय निघाला की बायबलमधली जी पाच-सात वचनं फेकून मारली जातात त्यांच्या अर्थावर आयुष्यभर शास्त्राचा अभ्यास केलेल्या लोकांचंही एकमत नाहीये, तर त्यांच्या जोरावर आपलीच पोरं मंडळीबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, घालवू नका. त्यावर तुम्ही चार-पाच मुद्दे मांडलेत, पण सुरुवात काय केलीत? "लेखकाने शास्त्र वाचलेलं दिसत नाही, गुगलवरून सोयीचं तेवढं उचललंय."

आधी माझी चूक. इंग्रजी रिव्हाइज्ड स्टँडर्ड बायबल १९४६ चं असं मी लिहिलं होतं, तेव्हा फक्त नवा करार निघाला होता, अख्खं बायबल १९५२ ला आलं. बरोबर आहे तुमचं, दुरुस्त केलंय, थँक्यू. (प्रेषित पौलाच्या करिंथकरांना पहिल्या पत्रात, १ करिंथ ६:९ मध्ये, घातलेला 'होमोसेक्शुअल' शब्द त्या भाषांतरकारांनी स्वतःच १९७१ च्या आवृत्तीत बदलला, हे मात्र तुम्ही गाळलंत. असो.)

आता ते वाक्य. माझी पणजी दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आलेली पोर. अक्षरओळख तिथे झाली, आणि घरात जे बायबल आलं ते पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं, पुठ्ठा निघालेलं, दोऱ्याने शिवलेलं, अजून माझ्या कपाटात आहे. वडील चाळीस वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे चर्चचा बायबलचा वर्ग, घ्यायचे. आमच्याकडे रात्री आधी उपासना, एक अख्खा अध्याय, मग प्रार्थना आणि मग ताट. लेवीय हे जुन्या करारातलं नियमांचं पुस्तकसुद्धा सुटायचं नाही. कोडाचे आणि भिंतीवरच्या बुरशीचे अध्याय ऐकता ऐकता भाकरी गार व्हायची आमची. आणि मला तुम्ही, ज्यांचं खरं नावसुद्धा मला माहीत नाही, सांगताय की मी गुगलवर शिकलो.

"ग्रीक येतं का?" असंही विचारलंत. नाही येत. तुम्हाला येतं? रमाबाईंनी मोठ्या वयात बायबलच्या मूळ भाषा, हिब्रू आणि ग्रीक, शिकून घेतल्या कारण आधीची मराठी त्यांना पटत नव्हती, एकेका शब्दावर त्या बसायच्या, १९२२ ला गेल्या तेव्हा काम जेमतेम पुरं झालं होतं आणि अख्खं बायबल छापून आलं १९२४ ला. म्हणजे शब्द निवडावा लागतो हो, आभाळातून मराठीत पडत नाही. त्याच १ करिंथ ६:९ मध्ये पौलाने वापरलेला 'मालाकोई' हा ग्रीक शब्द घ्या, साधा अर्थ मऊ. मत्तय ११:८ मध्ये येशू बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल बोलताना मऊ कपड्यांसाठी हाच शब्द आहे. आता माणसाला 'मऊ' म्हटलं तर त्याचा अर्थ बायकी, की चैनी, की भित्रा, की पैशासाठी अंग देणारा पोरगा, ह्याच्यावर भांडणं आहेत आणि ती मी उकरून काढलेली नाहीत. हे लिहिलं तर मी सोयीचं उचलणारा.

सोयीचं म्हणाल तर लेवीय २५ मध्ये भावाकडून व्याज घेऊ नको असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या मंडळींचे बिल्डिंग फंड कुठे असतात? एफडीत. पतसंस्थेत संचालक असलेले वडीलजन प्रभुभोजनाचे ताट फिरवतात, त्यांना कोणी विचारत नाही शास्त्र वाचलं का म्हणून.

मत्तय १९ बद्दल तुम्ही लांब लिहिलंय. "उत्पन्नकर्त्याने नर व नारी" वगैरे. मान्य, आहे ते, पण परूश्यांनी (त्या काळचे कर्मठ यहुदी) येशूला प्रश्न विचारला होता सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, आणि घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलेले लोक आपल्याकडे कमिट्यांवर बसतात. तोच अध्याय बाराव्या वचनापर्यंत वाचा, जन्मापासूनच तसे असलेल्या षंढांबद्दल येशूने काय म्हटलंय ते. तेवढं पुरे.

पुरुषाने पुरुषाशी निजण्याला मनाई करणाऱ्या लेवीय २०:१३ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात 'आर्सेनोस' (पुरुष) आणि 'कोईते' (अंथरूण) हे दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत, त्यांनाच जोडून पौलाने 'आर्सेनोकोईताई' हा आपला शब्द केला, हा तुमचा मुद्दा मी वाचलाय. त्याच्यावर वेगळं लिहीन, इथे जागा नाही.

"पाश्चात्त्य फॅड" म्हणालात. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं जुनं ३७७ कलम १८६० साली मेकॉलेच्या मसुद्यावरून आपल्याला कोणी दिलं, सटाण्याच्या माणसाने? आणि डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मंजुरीने व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांच्या आशीर्वादाचा जो कागद काढला त्यात लग्न हे स्त्री-पुरुषाचंच असं स्वच्छ लिहिलंय, ते मी लेखात दिलंसुद्धा होतं, तरी तुम्ही मी लग्नं लावा म्हणालो असं ठरवून मोकळे. सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क नाकारला "म्हणून विषय संपला" म्हणता, तर कोर्टाने कायदा बघितला, करिंथकरांचं पत्र नाही.

एक सांगतो, हे लेखात नव्हतं. आमच्या ओळखीतला एक मुलगा, तबला असा वाजवायचा की नाताळच्या भजनाला बाहेरगावची माणसं थांबायची. त्याच्याबद्दल कुजबुज झाली आणि एका रविवारी तबला दुसऱ्याच्या पुढ्यात होता. कोणी काही बोललं नाही, वचनसुद्धा नाही दाखवलं. तो मागच्या बाकावर बसला, पुढच्या रविवारी आलाच नाही. आता पुण्यात असतो. त्याची आई अजून येते, एकटी. देवाच्या घरात षंढांनाही जागा देणारा यशया ५६ मी तिच्या शेजारी बसून वाचलाय, त्यामुळे मला वाचन शिकवू नका, प्लीज. आवाज चढला असेल तर माफ करा, पण चढवलात तुम्ही.

तुमची दुसरी कमेंट अडवून ठेवलीय. तिच्यात तुम्ही एका पोराचं नाव आणि गाव लिहिलंय. ते काढा आणि परत टाका, बाकी शब्द न् शब्द छापतो.