धूमकेतू बघायचा तर अंधार जपावा लागेल

गावोगावी उंच खांबांवर रात्रभर पेटत राहणाऱ्या हायमास्ट दिव्यांना माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण धूमकेतू आहे. जरा सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू आला होता. २७ सप्टेंबरला तो सूर्याच्या सगळ्यात जवळून गेला आणि १२ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दसऱ्याला, पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर होता. त्यानंतरच्या संध्याकाळी तो पश्चिमेला दिसायला लागला. डावीकडं खाली शुक्र, उजवीकडं स्वातीचा तारा आणि दोघांच्या मधे हा. आम्ही काही जण अंबाजोगाईच्या पश्चिमेला बालाघाटाच्या माळावर गेलो. गाव पाठीशी राहील असंच उभं राहायचं, नाहीतर धूमकेतू गावाच्या उजेडातच मावळतो.

सोयाबीनच्या राशी चालू होत्या. शेजारच्या रानात मळणीयंत्र धडधडत होतं, भुस्कटाचा धुरळा ट्रॅक्टरच्या उजेडात तरंगत होता. विनंती केल्यावर त्या काकांनी यंत्र थांबवलं, दिवे विझवले आणि स्वतःही बघायला आले. सात वाजत आले तरी काही दिसेना. मग कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक फिकट तिरीप उमटली. कुठं बघायचं ते कळल्यावर तीच नुसत्या डोळ्यांनाही दिसली. डोकं क्षितिजाकडं, शेपूट वर. कोजागरी तोंडावर आली होती, चांदणं भरपूर होतं, तरी दिसली.

काका म्हणाले, "शेपूट आहे तर मग हा पळंना का?" फार चांगला प्रश्न आहे. उल्का क्षणात विझते, कारण ती आपल्याच हवेत जळते. धूमकेतू कोट्यवधी किलोमीटर लांब असतो, त्यामुळं त्याचं सरकणं रोजच्या रोज बघितलं तरच कळतं. आणि शेपूट त्याच्या मागं लोळत नसते. बर्फ आणि धुळीचा तो गोळा सूर्याजवळ तापला की वायू आणि धूळ बाहेर पडते, सूर्याचा उजेड आणि सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सुटणारा कणांचा झोत, त्यांना लोटतो. म्हणून शेपूट सूर्याच्या उलट्या दिशेला. सूर्य नुकताच खाली गेलेला, म्हणून ती वर. काकांनी ते लगेच धरलं आणि घरी फोन लावून सगळ्यांना माळावर यायला सांगितलं.

फोटोसाठी फार मोठा कॅमेरा लागत नाही. ट्रायपॉड, ५० मिमी लेन्स, तिचं छिद्र एफ २.८, उजेड टिपायची क्षमता म्हणजे आयएसओ १६००, शटर पाच-सहा सेकंद उघडं. फोकस शुक्रावर धरून हातानं पक्का करायचा. वेळ फार वाढवली की पृथ्वी फिरत असल्यामुळं ताऱ्यांच्या रेघा होतात. मोबाईल असेल तर तो दगडाला टेकवा, नाईट मोड आणि टायमर लावा. बोट लागून हलला नाही की काम झालं. त्या काकांच्या पुतण्यानं असाच काढलेला फोटो मला माझ्या फोटोंपेक्षा जास्त आवडतो. त्यात खाली बांधावरची बाभूळ आहे.

धूमकेतू अपशकुनी म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आभाळात कुठला धूमकेतू होता? आपली संकटं जमिनीवरची आहेत, त्यांचा हिशेब जमिनीवरच मागावा.

आता दिव्यांकडं येतो. धूमकेतू सूर्याजवळ असतो तेव्हाच बहुधा सगळ्यात तेजस्वी असतो. म्हणजे तो दिसणार तिन्हीसांजेला किंवा पहाटे, क्षितिजाला लागून. आणि नेमका तिथंच हवेचा थर जाड, धूळ जास्त, दिव्यांचा पसरलेला उजेडही तिथंच साचतो. १९९७ साली हेल-बॉप आला तेव्हा भारनियमनात आम्ही अंगणात खाटेवर पडून तो बघत होतो. आज त्याच अंगणासमोर हायमास्ट आहे आणि पश्चिमेला ठळक चार तारे सोडले तर काही दिसत नाही. २०२५ च्या लक्ष्मीपूजनाला, २१ ऑक्टोबरला, लेमन धूमकेतू पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता. अमावास्या होती, चंद्राचा अडथळा नाही. तरी गावातून काही दिसलं नाही, माळावर जाऊन दुर्बीण लावल्यावर दिसला.

मला बायाबापड्यांनी अंधारात चाचपडावं असं अजिबात वाटत नाही. रस्त्यावर उजेड पाहिजेच, साप-विंचवाचा मुलूख आहे आपला. पण तो रस्त्यावर पाहिजे, आभाळात नको. दिवा खाली तोंड करून बसवा, वरून झाकण लावा, पांढऱ्या-निळ्याऐवजी पिवळसर घ्या, मध्यरात्रीनंतर निम्मे बंद करा. यानं ग्रामपंचायतीचं वीजबिलही कमी होईल. आपल्या माळावर आजही डोळ्यांनी आकाशगंगा दिसते, शहरातली माणसं त्यासाठी गाड्या काढून लांब जातात. आपल्या लेकरांना ती घरामागच्या रानातून दिसते. हे हातचं घालवायचं का?

येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. कुणाच्या गावात हायमास्टला टायमर किंवा झाकण बसवलं असेल तर खर्च किती आला आणि ठराव कसा लिहिला, तेवढं मला कळवा.