केमिकलचा प्लॉट 'साफ' करताय? मग एवढं कराच

तुमच्या हाती एखाद्या बंद पडलेल्या रंगाच्या कंपनीचा प्लॉट लागलाय का? अभिनंदन! मुंबईत एलबीएस रोडच्या पट्ट्यात आता मोकळी जागा म्हणजे अशीच, आणि ती 'साफ' करून टॉवर उभा करणं ही एक कला आहे. गेले तीन महिने मी बाल्कनीतून ही कला रोज बघतोय, आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडेच सगळं चालू आहे, त्यामुळे सल्ला द्यायचा माझा हक्क बनतो. खोकला फ्री मिळालाय तो वेगळा.

पहिलं काम, बोर्ड. हिरवा, वर एक फुलपाखरू. माती तपासायच्या आधी बोर्ड लागलाच पाहिजे.

माती तपासायचीच वेळ आली तर वरवरची वीतभर उचला. क्रोमियम, शिसं, सॉल्व्हंट असलं सगळं खाली मुरतं, पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या बोअरवेलपर्यंत सरकतं, तेवढं खोल बघायला कोणाला वेळ आहे? पार्किंगसाठी मात्र दोन मजले खाली जायचं, तो भाग निराळा.

वास कसला विचारलं की सांगायचं, नाल्याचा.

आता मुख्य काम, माती हलवणं. नियमाने घातक माती तळोज्याला घातक कचऱ्याच्या भरावभूमीत जायला हवी, प्रत्येक गाडीसोबत फॉर्म १०, म्हणजे घातक माल कुठून कुठे चाललाय त्याची नोंद, त्याच्या पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी, नारिंगी प्रती, कुठली कोणाकडे ते ठरलेलं. कशाला एवढे रंग सांभाळता, मातीतच आहेत की! सरळ रात्री दीडला डंपर काढा. मी एकदा खाली जाऊन ड्रायव्हरला विचारलं, दादा माल कुठे चाललाय, तर म्हणाला "काका, जिथे खाली होईल तिथे." आणि एक गाडी झाली की खाली, आमच्याच गार्डनमध्ये! सेक्रेटरी खूश, फुकटची माती, घाला चाफ्याला, घाला तुळशीला. पहिल्या पावसात गार्डनमधून पिवळं पाणी वाहिलं. सेक्रेटरी म्हणे हळदीकुंकवाचं असेल, अहो पावसाळ्यात कसलं हळदीकुंकू? चाफा आठ दिवसांत काळा पडला, आणि सी विंगच्या आजी रोज पहाटे अनवाणी फुलं काढायला जायच्या, त्यांच्या तळव्यांना चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी. बरं, ॲलर्जी. मी तक्रार केली, पहिल्या ऑफिसने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने सांगितलं की माती तुमच्या कंपाउंडात आहे म्हणजे ती तुमचीच, तुम्हीच उचला नाहीतर नोटीस काढू! ॲपवर तक्रार 'निकाली', सोबत कामाचा फोटो, आणि फोटोत आमचं गार्डन नाहीच, भलताच कुठला तरी फुटपाथ, त्यावर एक कुत्रा झोपलेला.

असो. घाबरू नका, या धंद्याला परंपरा आहे. तिकडे अमेरिकेत नायगारा फॉल्स गावात हूकर कंपनीने लव्ह कॅनॉल नावाच्या खंदकात हजारो टन रसायनं पुरली आणि १९५३ साली ती जागा शाळा मंडळाला १ डॉलरला देऊन टाकली. वर शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली, आणि १९७८ला आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवायची वेळ आली. पण तिथे निदान १९८०ला अशा दूषित जागा साफ करून घेण्यासाठी सुपरफंडचा कायदा तरी झाला. आपल्याकडे भोपाळ १९८४चं, आणि त्या कारखान्यातला ३३७ टन कचरा निघाला १ जानेवारी २०२५च्या रात्री, १२ कंटेनरमधून, पीथमपूरला. तिथले लोक रस्त्यावर उतरले, साहजिकच आहे, एकाच्या अंगणातलं दुसऱ्याच्या अंगणात. कारखान्याभोवती जमिनीत मुरलंय ते तिथेच आहे. डोंबिवलीत फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीचा रस्ता गुलाबी झाला होता, मुख्यमंत्री येऊन बघून गेले होते.

आणि हो, जुलै २०२५मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी खास नियम काढलेत, ज्याने घाण केली त्याने पैसे भरायचे. टेन्शन नॉट. घाण करणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेलीये, शोधा आता.

जाऊ दे, मला नाही जमत हे उपरोधिक वगैरे. बिल्डर बिल्डरसारखा वागला, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. पण रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला येता ना तुम्ही, कोकमाचं सरबत पीत, तुम्हाला विचारतोय. मार्बल कुठला विचारलंत, वास्तू बघितलीत, देवघर ईशान्येला येतं का ते कंपास लावून बघितलंत. मातीचा रिपोर्ट एकाने तरी मागितला? पोरं खेळणार आहेत तुमची तिथे! मी भिंतीवरून ओरडून सांगत होतो तर एकजण म्हणतो, "काका, जळू नका." आणि आमची सोसायटी त्याहून थोर. गणपतीला घसघशीत वर्गणी आली म्हणून सगळ्यांची दातखीळ बसलीये, मीटिंगमध्ये मातीचा विषय काढला की चहा येतो. लाज वाटू द्या थोडी. आजींच्या पायाला अजून पट्टी आहे आणि तुम्ही लिफ्टमध्ये त्यांना "कशा आहात" विचारता!

काल रात्री परत दीडला डंपर निघाले, नंबरप्लेटला चिखल फासलेला, मी नऊ मोजले. भिंतीशी मी एकटाच उभा होतो, वर तुमच्या सगळ्यांच्या खिडक्या बंद आणि एसी चालू. आजही येतील. उतरा की खाली, दीड वाजता.