टाईम नाही म्हणणाऱ्या अण्णाशी झालेला वाद

सोलापुरात सात रस्त्याच्या कट्ट्यावर परवा विषय निघाला घरच्यांशी बोलण्याचा आणि चहा संपून दुसरा आला तरी मिटेना. सुरुवात अण्णाने केली, त्याचे टॉवेलचे लूम आहेत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. म्हणला, "दिवसभर कानात खडखडाट, घरी गेल्यावर कुणी बोलूच नये वाटतंय. आन मोबाईलवर सगळे सांगलालेत, बायकोला वेळ द्या, पोरांना वेळ द्या. टाईम आणू कुठनं बे?"

मास्तर रिटायर झाल्यापासून बरंच वाचतात. त्यांनी हार्वर्डचा अभ्यास काढला. १९३८ पासून ७२४ जणांच्या आयुष्याची नोंद ठेवलीय, पुढं त्यांच्या मुलांचीही. पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते ते ऐंशीत जास्त ठणठणीत निघाले, पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरनं एवढा अंदाज येत नव्हता. बंड्या लगेच, "हार्वर्डची पैसेवाली पोरं, त्यांचं काय सांगता!" मास्तर म्हणाले, त्यातली ४५६ बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली होती. "बरं, पण बाया किती होत्या सुरुवातीला?" एकही नाही. हा बंड्याचा मुद्दा मला पटला, निम्मं जग सोडून काढलेला निष्कर्ष जरा जपूनच घ्यावा.

पण अण्णाच्या "टाईम नाही"ला माझं उत्तर वेगळं होतं. मी म्हणलं, तुझ्याच आईचं बघ की. पूर्व भागात अख्खं आयुष्य विड्या वळल्या तिनं, सूप मांडीवर घेऊन, शेजारच्या चौघी दारात बसायच्या, हात थांबायचा नाही आणि तोंडही थांबायचं नाही, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुणाचा नवरा कामावर गेला नाही, तेलुगूत मराठीत सगळं तिथंच. कुणी वेगळा वेळ काढला होता? मजुरी तुटपुंजी, पाठ मोडायची, त्या कष्टाचं मला कौतुक सांगायचं नाहीये, पण बोलायला रिकामा तास लागतो हे खोटंय.

अण्णा गप झाला. मग मी गॉटमनचं सांगितलं, अमेरिकेतला जोडप्यांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ. त्यानं नवीन लग्न झालेली जोडपी बघितली. एकजण सहज काहीतरी बोलतो, "बाहेर बघ, काय आभाळ आलंय", तेव्हा दुसरा मान वर करतो का? सहा वर्षांनी जी टिकली होती त्यांनी अशा १०० हाकांपैकी ८६ ला प्रतिसाद दिला होता, मोडलेल्यांनी ३३ ला. हाक म्हणजे एवढीच, दोन सेकंदाची.

"म्हणजे पोरगं काही बोललं की वा वा करायचं? डोक्यावर बसतंय मग," बंड्या म्हणला. इथं खरा वाद पेटला. मास्तरांचं म्हणणं, कौतुक नको, पुढचा प्रश्न विचारा. अण्णाच्या पोराचा पुण्याहून फोन आला होता, इंटरव्ह्यू झाला म्हणून, आणि अण्णाचा पहिला शब्द, "पगार किती देतेत?" पोरानं आकडा सांगितला आणि फोन ठेवला. मास्तर म्हणाले, "काय विचारलं रे, तू काय सांगितलंस, एवढं विचारलं असतं तर तो दहा मिनिटं बोलला असता." शेली गेबल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००६ मध्ये हेच मांडलं, की दुःखात कोण धावून येतं यापेक्षा कमी महत्त्वाचं नाही आनंदाची बातमी कोण मन लावून ऐकतं ते. मला हे फार खरं वाटतं, आपल्याकडं मयताला सगळा गाव येतोय पण पोराच्या छोट्या यशाला "बरं बरं, आता पुढचं बघ".

अण्णा म्हणला, "काळजीनंच विचारलं की मी." असणारच, पण काळजी पोराला ऐकू आली नाही, आकडा ऐकू आला.

बंड्याने शेवटी एक बोचणारं विचारलं, रोज पिऊन मारणाऱ्याच्या घरात काय करायचं, तिथं पण बायकोनं हाकेला ओ द्यायची का? अजिबात नाही. तिथं या सवयींचा सल्ला देणं म्हणजे तिच्यावरच ओझं टाकणं, तिथं १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर, माहेर, पोलीस. यावर चौघांचं एकमत झालं. जेवताना फोन लांब ठेवायचा का, यावर मात्र नाही. अण्णाचे सुताचे व्यापारी रात्री नवालाच फोन करतेत, तो म्हणतोय भाकरी होईपर्यंत ठेवीन, त्याच्या पुढं नाही. मी म्हणलं तेवढं ठेव.